मदरबोर्डाने लावलेले दिवे

परवा माझ्या नव्या कॉम्प्युटरने दिवे लावले. दोन्ही अर्थांनी. जांभळे, हिरवे, मोरपंखी दिवे नाचले, पंखा गरगरला आणि स्क्रीन कोरा करकरीत राहिला.

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात ती पाटी, स्वस्तातला, पण थाट सरदारी. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला पोलादी चिलखत. हे चिलखत किलो-दीड किलोच्या धुडांसाठी असतं. माझं कार्ड पोस्टकार्डाएवढं, म्हणजे टाचणीला म्यान. खाली आणखी एक लांबलचक स्लॉट, दिसायला १६ लेनचा, म्हणजे माहिती धावायच्या १६ वाटांचा, आतून जोडणी चारचीच. आणि कडेने रंगीत दिव्यांची पट्टी. त्याच भावात एक काळाठिक्कर, निरुत्साही बोर्डही होता. त्याला मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे बोर्डाला जागं करणारा बायोस हा प्रोग्राम बदलायचं, एक बारकंसं बटण होतं. पण चिलखत दिसत असताना बटणाकडे कोण बघतो?

भाच्याला बोलावलं. वय १४, हुद्दा तज्ज्ञ.

"मामा, दिवे लागतायत ना? मग बोर्ड जिवंत आहे."

"अरे, पण स्क्रीनवर काहीच नाही."

"स्क्रीनचं नंतर. आधी सांग, पहिला रंग कुठला आला?"

"जांभळा. मग हिरवा, बहुतेक."

"बहुतेक नको. वही घे."

ऑफिसात ज्याच्या सहीशिवाय कुणाची रजा मंजूर होत नाही तो मी, पाऊण तास फरशीवर मांडी घालून रंग टिपत होतो. जांभळा, हिरवा, मोरपंखी, लाल.

"लाल!" भाचा ओरडला. "लाल म्हणजे रॅम."

रॅम काढली, पुसली, बसवली. पुन्हा लाल. रॅम दुसऱ्या स्लॉटात. पुन्हा लाल. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की लालनंतर न चुकता केशरी येतो आणि केशरीनंतर पिवळा. आम्ही इंद्रधनुष्याची नाडी बघत होतो.

"केशरी म्हणजे काय रे?"

त्याने विचार केला. "केशरी छान दिसतो."

निदान करणारे दिवे खरोखरच असतात. चार ठिपके: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सुरुवात). गाडी जिथे अडते तो ठिपका पेटून राहतो, संपला विषय. माझ्या बोर्डावर शोभेचे दिवे मोजता मोजता मी थकलो, पण हे चार नाहीत. प्रोसेसरला वीज पुरवणारा व्हीआरएम तापला की प्रोसेसरला वेग कमी करावा लागतो. त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळाही अर्ध्याच भागात, उरलेला उघडा. तिथे हात आखडला आणि चिलखताला पोलाद सापडलं. हसू येतं, पण खरं सांगतो, रागच जास्त येतो. न दिसणाऱ्या जागी काटकसर करायची आणि खोक्यावर छापता येईल तिथे उधळायचं, हा हिशेब कुणीतरी शांत डोक्याने केलेला असणार.

रोग शेवटी खोक्यावरच्या बारीक अक्षरांत सापडला. बोर्ड जुन्या साठ्यातला. माझा प्रोसेसर रायझन ५००० मालिकेतला आणि ही मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची खोबण, तोच, एएम४, त्यामुळे बसतो चपखल. पण जुना बायोस त्याला ओळखच देत नाही. ओळख पटवायची तर बायोस अपडेट करा. अपडेटसाठी बोर्ड चालू हवा. बोर्ड चालू व्हायला ओळखीचा प्रोसेसर हवा. दाखल्यासाठी दाखला मागणारी खिडकी मला नवी नाही, पण ती मी स्वतःच्या पैशांनी घरी आणली नव्हती. २०१८ मध्ये अशाच पेचात अडकलेल्यांना रायझन बनवणाऱ्या एएमडीने अपडेटपुरता उसना प्रोसेसर दिला होता. आणि ते बारकं बटण असतं तर? प्रोसेसर नसतानाही नुसत्या पेन ड्राइव्हवरून काम झालं असतं.

ओळखीचा प्रोसेसर भाच्याच्या कॉम्प्युटरात होता. तो तयार झाला, पण कूलर मीच काढायचा. मी सरळ उचलला. कूलर आणि प्रोसेसरच्या मधल्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटातून उपसून वर आला आणि १,३३१ पिना हवेत लटकल्या. आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करायची, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा, मग उचलायचा, हे मला त्यानंतर कळलं. भाच्याच्या चेहऱ्यावरचे रंग वाचायला वही लागली नाही.

पिना वाचल्या. अपडेट झाला. आता कॉम्प्युटर उत्तम चालतो, चिलखताशिवायही असाच चालला असता. माझ्या कॅबिनेटला काच नाही, चारी बाजूंनी पत्रा, त्यामुळे दिवे कुणाला दिसतही नाहीत. फक्त रात्री कॉम्प्युटर बंद केल्यावरही ते जळतच राहतात आणि मागच्या जाळीतून भिंतीवर जांभळा ठिपका सरकत असतो. ते बंद करायला कंपनीचं खास सॉफ्टवेअर लागतं म्हणे. काल डाउनलोड केलं.

ते म्हणालं, आधी बायोस अपडेट करा.