बॉयलर फुटायचे थांबले ते कुणामुळे?

बॉयलरच्या इतिहासात खरा मान शोध लावणाऱ्यांपेक्षा तपासनिसांना द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. स्फोट टाळायची साधनं १८०३ नंतर लगेच हाताशी होती. तरी माणसं पुढची शंभर वर्षं मरत राहिली.

त्या वर्षी लंडनजवळ ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंग्रज अभियंत्याच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटला, चार जण गेले. सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की वाफ बाहेर सोडणारी झडप, दाबून बंद ठेवला होता. मग ट्रेव्हिथिकने एकाऐवजी दोन व्हॉल्व्ह लावले, त्यातल्या एकाला चालवणाऱ्याने हात लावायचा नाही. शिवाय भट्टीच्या माथ्यावर शिशाची गुडदी बसवली. पाणी तिच्या खाली उतरलं की शिसं ३२७ अंशांना वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि आग मंदावते. साधी, स्वस्त युक्ती. पण गुडदीवर क्षारांचा थर चढू दिला, तर ऐन वेळी ती दगा देते.

स्फोटाची ताकद वाफेपेक्षा पाण्यात असते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट दाबाला पाणी १८० अंशांवर उकळतं. पत्रा फाटून दाब उतरला, की त्यातलं सुमारे १५ टक्के पाणी तत्क्षणी वाफ होतं. म्हणजे एका टनातून दीडशे किलो, जवळजवळ २५० घनमीटर वाफ! इमारती उडतात त्या याच्यामुळे.

२७ एप्रिल १८६५ला मिसिसिपी नदीत मेम्फिसजवळ 'सुलताना' या वाफेच्या बोटीचे बॉयलर फुटले. क्षमता ३७६ जणांची, बोटीवर दोन हजारांहून जास्त, बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. अकराशेच्या वर माणसं गेली. बॉयलरच्या फुगलेल्या पत्र्यावर त्याच्याहून पातळ ठिगळ मारून ती निघाली होती, कारण नीट दुरुस्तीला लागणारे दिवस मालकाला परवडत नव्हते. तिला धक्क्यावरच अडवून ठेवणारं कुणी नव्हतं, याचा मला आजही संताप येतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉकटनची गोष्ट वेगळी. २० मार्च १९०५ला तिथल्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण गेले. दोष होता लॅप जॉइंटचा. पत्र्याची कड पत्र्यावर चढवून रिव्हेट मारले, की नळकांडं पुरतं गोल राहत नाही. दाब चढ-उतार करेल तसा पत्रा जोडापाशी वाकतो आणि कडेखाली, नजरेला न दिसणारी चीर धरतो. त्यात नळकांड्याच्या लांबीच्या जोडावर ताण घेराभोवतीच्या गोल जोडाच्या दुप्पट. म्हणजे नुसते डोळे उपयोगाचे नव्हते, रचनेचाच नियम हवा होता. मॅसॅच्युसेट्सने तो १९०७ला कायद्याने आणला आणि एएसएमई या अमेरिकी यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या १९१४च्या संहितेने तो राज्याबाहेर नेला. पत्रे समोरासमोर भिडवून दोन्ही अंगांनी पट्ट्या मारायचा बट जॉइंट रुळला.

कारखानदारांनी खर्चाचं कारण पुढे करून अशा नियमांना आणि तपासणीला विरोध केला. मला तो युक्तिवाद तेव्हाचाही पटत नाही आणि आजचाही. तपासनिसाची चाचणी काय असते? बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरायचा, हवा पूर्ण काढायची, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि जोड न्याहाळायचे. थंड पाणी दाबाखाली जेमतेम आकसतं, त्यामुळे पत्रा फाटलाच तर पाण्याची एक चिळकांडी उडते आणि दाब लगेच शून्यावर येतो.