मूनचा क्रूस आणि आईची वाम

परवा आईला घेऊन मूनला जाऊन आले. चंद्रावर नव्हे हो! मून हे आयर्लंडच्या किल्डेअर काउंटीतलं एक इवलंसं गाव, डब्लिनहून गाडीने तासाभरावर. तिथे संत कोलंबाच्या नावाचा जुना मठ होता. आता उरलंय एक पडकं चर्च, आणि त्याच्या भिंतींच्या आत छपराखाली उभा असलेला ग्रॅनाइटचा क्रूस. सुमारे १७ फूट उंच, वय हजाराच्या पुढे. कित्येक वर्षं तो तुकड्यांत मातीखाली पडून होता. एकोणिसाव्या शतकात खालचा-वरचा भाग मिळाला, मधला खांब तर पार १८९३ साली सापडला.

या क्रूसावरची माणसं ‘लहान मुलाने काढल्यासारखी’ आहेत, असं हमखास ऐकायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. मोनॅस्टरबॉइस या दुसऱ्या आयरिश मठातला म्युरेडाखचा क्रूस बघा म्हणतात, काय कोरीवकाम! आहेच सुंदर, पण तो वालुकाश्म. ग्रॅनाइटचा दाणा जाड, त्यात डोळ्याची पापणी कोरायला गेलात तर टवका उडतो. मूनच्या कारागिराने ते ओळखलं आणि बारकाव्यांचा नाद सोडला. तळाशी येशूचे बारा शिष्य, चार-चारच्या तीन ओळींत. मोठं डोकं, धड म्हणजे सरळ चौकोन, खाली चिमुकली पावलं. बस्स. शाळेच्या ग्रुप फोटोसारखे सगळे आपल्याकडे टक लावून बघत असतात, आणि खरं सांगते, दोन मिनिटांनी आपणच नजर खाली घेतो. दुसऱ्या बाजूला सिंहांच्या गुहेत टाकलेला बायबलातला दानिएल आणि सात सिंह. मी मोजले. सिंह कमी आणि शेजारपाजारची कुत्री जास्त वाटतात, ते सोडा.

आई मात्र एका चौकटीपाशी अडकली. पाच भाकरी आणि दोन मासे, येशूच्या चमत्काराने हजारोंना पुरले ती गोष्ट. इथे ना येशू, ना गर्दी, नुसतं जेवण कोरलंय. पाच गोल चकत्या, मासे, आणि सोबत लांबुळकं, वळसा घेतलेलं काहीतरी. रत्नागिरीची बाई ती, लगेच म्हणाली, “अगं, ही तर वाम!”

वाम म्हणजे सापासारखा लांबट मासा. मी हसले, मग नीट बघितलं. वामच की! बायबलात नुसते दोन मासे आहेत, वामीचं नाव नाही. पण आयर्लंडच्या नद्यांत वाम होती. माझा आपला तर्क: त्या कारागिराने येशूचं गॅलिली कधी पाहिलं नव्हतं, नदीतली वाम मात्र रोज पाहिली असणार. मग पंगतीत तीही वाढली. याला बाळबोध म्हणायचं?

आईने त्या चौकटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मामाचं उत्तर पाच मिनिटांत आलं: “कशी दिली किलो?”