शिंपले सोडून नदी साफ होत नाही, फॉरवर्ड करायच्या आधी एवढं वाचा

गेल्या पंधरा दिवसांत तोच व्हिडिओ मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय. काचेच्या दोन टाक्या, दोन्हीत हिरवट गढूळ पाणी, एकीत शिंपले टाकलेत आणि काही तासांत त्या टाकीतलं पाणी आरपार दिसायला लागतं. खाली लिहिलंय की एक शिंपला दिवसाला ४० लिटर पाणी शुद्ध करतो, पोलंडमधल्या वॉर्सा शहराचं पिण्याचं पाणी शिंपलेच शुद्ध करतात, अमेरिकेतली सरोवरं त्यांनी काचेसारखी केली, शिंपला कुठल्याही पाण्यात जगतो, मग आपल्या नद्यांत पोत्यांनी शिंपले सोडा, एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांवर) कोट्यवधी कशाला घालवायचे. पाठवणाऱ्यांना नदीची काळजी आहे म्हणूनच ते पाठवतायत हे मला माहितीये, त्यामुळं रागानं नाही, एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी तो व्हिडिओ. त्यात दिसतं ते खरंच होतं. शिंपला एका फटीतून पाणी आत घेतो, ते कल्ल्यांवरून जातं, तिथल्या चिकट बुळबुळीत स्रावात शेवाळाचे कण, बॅक्टेरिया, बारीक माती असं सगळं अडकतं आणि दुसऱ्या फटीतून पाणी बाहेर पडतं. खाण्यासारखं असेल ते तोंडाकडं जातं, बाकीचं त्याच स्रावात गुंडाळून गोळ्या करून तो बाहेर टाकतो आणि त्या गोळ्या तळाला बसतात. म्हणजे घाण गेली कुठं? टाकीच्या तळाशी. चांगल्या वाहत्या नदीत हे फार मोलाचं काम आहे, कारण त्या गोळ्यांवर तळातले किडे जगतात, किड्यांवर मासे जगतात. पण जिथं आधीच गुडघाभर काळा गाळ कुजतोय तिथं त्यात अजून भरच. आणि सांडपाण्यातलं जे पाण्यात विरघळलेलं असतं, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, साबणाचं पाणी, ते असं गाळून निघत नाही. उलट शिंपला स्वतः अमोनिया बाहेर टाकतो, त्याची ती लघवीच म्हणा. शिसं, कॅडमियमसारखे धातू त्याच्या मांसात साठत जातात, म्हणून नाल्याखालचे शिंपले कुणी खाऊ नका.

४० लिटरचा आकडा मोठ्या शिंपल्यासाठी, भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातला, वरच्या टोकाचा आहे. तरी धरू. एका छोट्या शहराचं रोजचं सांडपाणी २० एमएलडी, म्हणजे २ कोटी लिटर. भागिले ४० केलं तर ५ लाख शिंपले, तेही सगळे जिवंत, रोज पूर्ण जोरात काम करणारे, आणि एवढं करून पाणी कल्ल्यांवरून फक्त एकदा जाणार. एकदा गाळलेलं सांडपाणी सांडपाणीच असतं.

वॉर्साची गोष्ट तर पार उलटी करून सांगितलीये. विस्तुला नदीत ग्रुबा काश्का म्हणून त्यांची एक मोठी विहीर आहे, तिथं आठ शिंपले बसवलेत आणि प्रत्येकाच्या कवचाला सेन्सर लावलाय. पाण्यात काही विषारी आलं की शिंपला झटकन मिटतो, बरेचसे एकदम मिटले की अलार्म. पाणी शुद्ध करायचं काम तिथला प्लँटच करतो, शिंपले पहाऱ्याला आहेत. आणि पहाऱ्याला शिंपलाच का निवडला, तर घाण पाण्याचा त्रास त्याला फार लवकर होतो म्हणून. हे एवढं जरी लक्षात घेतलं तरी बाकीचा मेसेज टिकत नाही.

अमेरिकेतली सरोवरं म्हणजे ईरी सरोवर वगैरे. तिथं काळ्या समुद्र-कास्पियनच्या भागातला झेब्रा शिंपला १९८० च्या दशकात जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल सांभाळायला जहाजात भरतात त्या पाण्यातून) पोचला. पाणी खरंच नितळ झालं, पण तो पाइपात थरावर थर बसला, तिथल्या मूळ शिंपल्यांच्या पाठीवर शेकड्यांनी चिकटला आणि ते मूळचे शिंपले कित्येक ठिकाणी नाहीसे झाले. शिवाय तो चांगलं शेवाळ खातो आणि मायक्रोसिस्टिस नावाचं विषारी शेवाळ थुंकून टाकतो. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच विषामुळं ईरीकाठच्या टोलेडो शहरातल्या लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. मुख्य कारण शेतातून वाहून येणारं फॉस्फरस, पण झेब्रा शिंपल्यानं त्याला हातभारच लावला. पाणी आरपार दिसतंय म्हणजे ते चांगलं, असं नसतं.

आता 'कुठल्याही पाण्यात जगतो', यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या भागातल्या काही उत्साही पोरांनी असाच मेसेज वाचून वरच्या अंगाला, जिथं नदी अजून बरी आहे, तिथून दोन पोती शिंपले गोळा केले आणि गावाखाली नाला मिळतो तिथं ओतले. चौथ्या दिवशी मी गेलो. काठाला सगळे आ वासून पडलेले, आतलं मांस पांढरट सैल होऊन लोंबतंय, माश्या घोंगावतायत आणि वास असा की रुमाल लावूनही थांबवेना. एक उचलून बघितला, पाठीवरची वर्षावर्षाची वळ्यं बोटाला लागत होती, आतली निळसर मोतिया चमक तशीच होती. ऑक्सिजन संपला की शिंपला काही काळ मिटून काढतो, पण किती दिवस काढणार? आणि अमोनिया त्याला इतका जाचतो की अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०१३ मध्ये गोड्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा कडक केली ती मुख्यतः शिंपले आणि गोगलगायींकडं बघून.

जिथून शिंपले काढले ती वरची जागा पण गेली ती वेगळीच. तिथं उथळ वाळूत शिंपला सरकला की मागं रेघ उमटते, लहानपणी आम्ही त्या रेघेच्या टोकाला बोट घालून तो काढायचो, आजीकडं घासून भोक पाडलेला शिंपला होता, त्यानं ती कैऱ्या सोलायची. त्या पट्ट्यात या वर्षी मला एकच रेघ दिसली.

शिंपला तसा पटकन परत वाढतही नाही. मादी कल्ल्यांत अंडी सांभाळते, त्यातून निघालेली बारीक पिल्लं माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटतात, काही दिवस-आठवडे त्याच्यावर काढतात आणि मग तळाला पडतात. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. बंधाऱ्यानं मासे अडले, सांडपाण्यानं मेले, वाळूउपशानं तळच खरवडून नेला, तरी म्हातारे शिंपले काही वर्षं दिसत राहतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

त्यामुळं शिंपले नेऊन सोडू नका, आहेत तिथं राहू द्या. पैसा, अर्ज, आंदोलन जे काही करायचंय ते नाल्याचं पाणी प्रक्रिया होऊनच नदीत यावं म्हणून आणि वाळूउपसा थांबावा म्हणून करा, एसटीपी नको म्हणून नाही. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की आपल्या नदीकाठी उथळ वाळूत हळूच हात घालून बघा. मोठे मोजू नका. करंगळीच्या नखाएवढी पिल्लं सापडतायत का ते बघा, आणि सापडली तर तिथंच परत ठेवा आणि ती जागा मला कळवा.