सांगायचंस ना!

आज सकाळी सव्वासातला दुसरं थालीपीठ तव्यावर असताना गॅस गेला. ओट्याखालचा दुसरा सिलेंडर हलवून बघितला, तोही रिकामा. नवरा चहाचा कप खाली ठेवून अगदी मायेने म्हणाला, "अगं, मला सांगायचंस ना, बुक केला असता."

सांगायचंस ना!! अहो, मागच्या महिन्यात सिलेंडर त्यानेच बदलला होता. स्वतःच्या हाताने रेग्युलेटर लावला होता. म्हणजे एक संपलाय हे घरात सगळ्यात आधी कळलं ते त्यालाच. तरी आठवण ठेवायची मी आणि सांगायचंही मीच.

माझ्या आईचं कालनिर्णय आठवतंय. डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला लटकलेलं. दूध किती, गॅस कधी लावला, इस्त्रीचे कपडे किती, सगळं त्या चौकोनांत. भिंत सगळ्यांची, पेन सगळ्यांचं, अक्षर मात्र एकटीचं. काही वर्षांपूर्वी आई ऑपरेशनसाठी चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा बाबा त्या पानासमोर मोडी लिपी वाचावी तसे उभे. शेवटी वॉर्डात फोन. "१७ तारखेला ना. फो. लिहिलंयस, ते काय?" सलाईन लावलेली आई म्हणाली, "नानांना फोन. वाढदिवस आहे त्यांचा."

नाना म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ.

तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. आज नाही हसू येत.

आणि आमच्याकडे तर मॉडर्न सोय! सहा महिन्यांपूर्वी मीच तिघांच्या मोबाइलवर एक सामायिक यादी सुरू केली. आता घरात शांतता नांदणार, असं वाटलं होतं मला. आज राग आला म्हणून वरपासून खालपर्यंत वाचली. वाण्याचं सामान, लेकाची फी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, वीजबिल. एकूण एक नोंद माझी. बाकीचे दोघं फक्त टिक करतात आणि टिक केल्यावर माझ्याकडे बघतात, शाबासकीसाठी. ही सामायिक यादी कसली, हे तर मी काढलेले हुकूम!

सरकारचा २०२४ चा वेळेचा सर्व्हे म्हणतो, घरचं बिनपगारी काम जे करतात, त्यांतल्या बायकांची दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. ठीक आहे. पण अंघोळ करताना "उद्या एकादशी, साबुदाणा भिजवायचाय" हे डोक्यात येतं, ते कुठल्या मिनिटात धरलंय?

बरं, नवरा भांडी घासतो, मान्य. गाडीची पीयूसी कधी संपते हे मला आजही माहीत नाही, तेही मान्य. पण पीयूसी संपली म्हणून कोणी उपाशी राहत नाही.

दुपारी ऑफिसमधून आईला फोन केला. रडगाणंच गायचं होतं खरं तर. तर तिचंच सुरू झालं. त्या ऑपरेशननंतर दुधाची नोंद बाबा करतात म्हणे, न सांगता. "पण केवढ्या मोठ्या अक्षरात लिहितात गं! चतुर्थी कधी आहे तेच दिसत नाही मला." तक्रार करत होती, पण आवाज असा होता की माझं रडगाणं राहूनच गेलं.

संध्याकाळी येताना वाण्याकडून वर्षाच्या मध्येच एक कालनिर्णय मागून आणलं. फ्रिजशेजारी लावलंय, दोरीला पेन बांधून. नियम एकच : जो डबा संपवेल, तो लिहील. मी इतरांच्या वतीने एक अक्षरही लिहिणार नाही. चहापावडर संपली तर संपली, पिऊ कोरं गरम पाणी.

सिलेंडर परवा येणार आहे. तोवर इंडक्शनवर खिचडी.

आत्ता हे टाइप करतेय तर आतून हाक आलीये, "अगं, ते पेन कुठे ठेवलंयस?"

दोरीला आहे. पण सांगणार नाहीये.