‘डिझायनर म्हणून टेलर करायलेत’ या रिव्ह्यूला क्लासचं उत्तर

दादा, नमस्कार.

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय: ‘बोर्डावर फॅशन डिझायनिंग, आत शिलाई क्लास. सहा महिने झाले, पोरीला मांजरपाट कापायला अन् उसवायला लावतात. डिझायनर करायचं होतं, टेलर करायलेत.’ फी तुमच्या कष्टाची आहे, विचारायचा हक्क आहेच. पण मांजरपाट, म्हणजे सरावाचं हे साधं जाडंभरडं सुती कापड, काही सुटणार नाही.

बाहीचंच घ्या. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या खांद्याकडच्या गोलाईपेक्षा, मुद्दाम थोडा जास्त ठेवतात आणि तो जादा कपडा चुणी न पडू देता मुंढ्यात जिरवायचा असतो. पुढं-मागं कमीजास्त झाला की हात वर केला रे केला, बाही ओढते. स्केचमध्ये हे दिसत नाही. अंगावर चढवायचं, टाचण्या लावायच्या, खडूनं खूण करायची, उसवायचं, परत लावायचं. पॅरिसची मोठी फॅशन हाऊससुद्धा आधी साध्या सुती कापडाचा नमुना शिवतात, मग रेशमाला हात लावतात. आपल्याकडं तर गिऱ्हाईक आजीची पैठणी घेऊन येतं, ‘ड्रेस करून द्या’ म्हणतं. तिथं कात्री चुकली तर दुसरी पैठणी कुठून आणणार?

तुम्ही ज्या मोठ्या डिझायनरांची उदाहरणं देता, त्यातला लंडनचा अलेक्झांडर मॅक्वीन सोळाव्या वर्षी शाळा सोडून टेलरच्या दुकानात उमेदवारीला लागला. कॉलेज नंतर केलं, आणि १९९६ मध्ये पॅरिसच्या जिवाँशी या फॅशन हाऊसचा मुख्य डिझायनर झाला. इटलीच्या अर्मानीनं स्वतःचं लेबल १९७५ मध्ये काढलं, तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. आपला राहुल मिश्रा कानपूरजवळच्या खेड्यातला. आधी फिजिक्स, मग अहमदाबादचं एनआयडी हे डिझाइनचं कॉलेज, २०१४ मध्ये लोकरीच्या कपड्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार. लातूर पॅटर्नमुळं आपल्याला दोन वर्षांत निकाल हातात पाहिजे असतो. या लाइनीत शिकून झाल्यावरही आधी कुणाच्या तरी हाताखाली काही वर्षं काढावी लागतात, आणि तिथं पहिल्या दिवशी डिझाइन करायला कुणी बसवत नाही.

निफ्टच्या, म्हणजे फॅशनच्या राष्ट्रीय संस्थेच्या, प्रवेश परीक्षेचंही तुम्ही विचारलंय. बी.डिझाइनला लेखी पेपर झाले की सिच्युएशन टेस्ट असते, दिलेल्या सामानातून हातानं वस्तू करून दाखवायची. त्या तयारीची बॅच आमच्याकडं वेगळी आहे, फीही वेगळी. प्रवेशाच्या फॉर्मवर तसं लिहिलंय.

आणि टेलर झाली तर बिघडलं कुठं? लग्नसराईत चांगल्या ब्लाऊजवालीकडं नंबर लागत नाही.

शनिवारी दुपारी स्केचिंगचा तास असतो, तेव्हा या. पोरीची फाइल आणि तिनं शिवलेले नमुने तिच्यासमोरच बघा. तरी पटलं नाही तर पुढच्या टर्मची भरलेली फी परत मिळेल, येताना पावती तेवढी आणा.