हॉर्न, वळण आणि नंबरप्लेट : 'एक पुणेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार पुणेकर,

टोपणनावच तुम्ही 'एक पुणेकर' घेतलंय, तेव्हा तसंच म्हणतो, राग नसावा. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि मुद्द्याची आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात. कोकणातल्या रस्त्यांवर बाहेरच्या गाड्या कशा चालतात, यावरची माझी पोस्ट तुम्हाला निव्वळ प्रांतीय अस्मिता वाटली. वाईट ड्रायव्हर कुठेही वाईटच, त्याला जिल्हा नसतो, असं तुम्ही म्हणता. एमएच १२ ला (पुणे) नावं ठेवताना मी एमएच ०८ वर (आमची रत्नागिरी) पांघरूण घालतो, असंही म्हणता. गणपतीपुळ्याहून परतताना चाफे गावाच्या अलीकडे एका स्कूटरवर तिघं, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, उलट्या बाजूने समोर आले आणि वर तुमच्याकडेच डोळे वटारून गेले. खरा दोष मुंबई-गोवा महामार्गाचा आहे, माणसांचा नाही. आणि शेवटी : आकडे द्या, नाहीतर अशा तुलना बंद करा.

आधी ते तिघं. ते खरे आहेत, यात वादच नाही. मी त्यांना ओळखत नसलो तरी त्यांची भावंडं मला रोज भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रिपल सीटला एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित, असा कायदा आहे. पण निलंबित करायला मुळात लायसन तर हवं! चालवणारा अठराच्या आतला असेल तर पंचवीस हजारांचा दंड आणि तुरुंगवासाची तरतूद थेट पालकांसाठी किंवा गाडीच्या मालकासाठी आहे. हे आमच्याकडच्या किती बापांना ठाऊक आहे, देव जाणे. ठाऊक असलं तरी काकांची स्कूटर पोरांच्या हाती जातेच.

पांघरुणाचं म्हणाल तर आमच्या लोकांना पुरेल एवढं मोठं पांघरूण माझ्याकडे नाही. तुमची यादीच अपुरी आहे. घराच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, दुचाकी थेट डांबरावर आणायची आणि उजवीकडे बघायचं नाही, कारण 'आता येतंय कोण?' ओळखीचा भेटला की दोन बाइक रस्त्याच्या मधोमध हँडलला हँडल लावून उभ्या, इंजिनं चालू, आणि परवाच्या तेराव्याला कोण आलं नव्हतं इथपर्यंत गप्पा. मागून हॉर्न दिलात तर दोघंही वळून बघतात, ते बाजूला व्हायला नव्हे, गाडी कोणाची आहे ते बघायला. उतार लागला की पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. वडापाव खायचा तर नेमका वळणावरच्या टपरीसमोर गाडी उभी करून. चिऱ्यांच्या ट्रकचा फाळका नीट लावलेला नाही, मासळीच्या गाडीतून खारं, तेलकट पाणी घाटभर गळतंय आणि मागचा दुचाकीवाला त्यावरून आडवा होतोय. हे सगळं एमएच ०८ आणि शेजारच्या सिंधुदुर्गाचं एमएच ०७. झालं समाधान?

पण 'ड्रायव्हरला जिल्हा नसतो' हे मला पटत नाही. मी वाईट ड्रायव्हरबद्दल लिहिलंच नव्हतं, सवयींबद्दल लिहिलं होतं. आणि सवय लावतो तो रस्ता. माणूस ज्या रस्त्यावर शिकतो त्या रस्त्यावर जे खपतं, ते त्याच्या हातापायांत बसतं.

नोकरीत असताना बर्फाच्या कारखान्यांच्या कॉम्प्रेसरची कामं करत मी बंदरोबंदर फिरलो, वेरावळपासून पार केरळात मुनंबमपर्यंत. बराचसा प्रवास गाडीने. आपला सहासष्ट नंबरचा महामार्ग, पूर्वीचा सतरा, पनवेलला सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला जाऊन टेकतो. रस्ता एकच, पण राज्य बदललं की चालवण्याची तऱ्हा बदलते. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की स्थानिक माणूस आपोआप अंतर ठेवतो, कारण ती भाड्याची गाडी, चालवणारा पाहुणा. त्याच्या खाली, उडुपी ते मंगळुरू या पट्ट्यात, खासगी एक्स्प्रेस बस मागून आली की कारवालेच साइडपट्टीवर उतरतात. पहिल्यांदा मला ती निव्वळ मस्ती वाटली. मग मालप्याच्या एका कारखान्यातल्या माणसाने सांगितलं : पुढची बस नुकतीच गेलेली असते, मागची काही मिनिटांवर असते, आणि थांब्यावर आधी पोचेल त्याचे प्रवासी. ती बस धावणारच.

आपल्याकडे टप्प्याटप्प्याची प्रवासी वाहतूक एसटीकडे. गाडीत चार माणसं कमी चढली म्हणून एसटीच्या ड्रायव्हरचा पगार कापत नाहीत. म्हणून तो खिडकीतून हात काढून तुम्हाला 'जा पुढे' म्हणू शकतो. तेच वडापवाल्याचं, म्हणजे खासगी शेअर गाडीवाल्याचं बघा. रस्त्याकडेला कोणी नुसता हात वर केला, डोकं खाजवायला का असेना, की त्याचा ब्रेक लागलाच, मागे कोण आहे याची चौकशी नाही. दोघंही याच जिल्ह्यातले, कदाचित एकाच वाडीतले. फरक रक्ताचा नाही, पोट कशावर चालतं त्याचा आहे.

सौराष्ट्रात छकडेवाले (छकडा म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा) आणि बाइकवाले उलट्या बाजूने निवांत येतात. रस्ते सपाट, सरळ. समोरचा लांबून दिसतो, जो तो आपापलं बघून घेतो. तोच माणूस आंबा घाटात त्याच निवांतपणे आला तर पहिल्या वळणाला संपला. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस रात्री अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, का सोडत नाही, हेही मला ऊस हंगामात तिकडून येताना कळलं. अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त गाण्याचा आवाज. अप्पर मारला नाही तर थेट उसात घुसाल. त्याच्या घरच्या रस्त्यावर अप्पर त्याचा जीव वाचवतो. साखरप्याकडे उतरताना त्याच अप्परने समोरचा आंधळा होतो.

आता तुमच्या पुण्याचं. तुमच्या शहरात हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देणं, निदान सभ्य माणसाला तसं वाटतं. सिग्नलला मागून पों-पों करणाऱ्यांबद्दल तुमचं जे मत, तेच माझं. पण गुहागरहून पालशेतच्या पुढे वेळणेश्वराकडे निघालात की एखाददुसरं वळण असं येतं की दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वर काजूची आणि करवंदीची जाळी, आणि पुढचं वीस पावलांवरचं काही दिसत नाही. इथला माणूस वळणाच्या आधी दोन छोटे हॉर्न देतो आणि ऐकतो. उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं धरून तो वळण आतून कापतो. हे चूकच. शहरातला माणूस हॉर्न देत नाही, आणि पावसाने साइडपट्टी खचून डांबराच्या कडेला अर्ध्या फुटाची पायरी झालेली असते म्हणून चाक तिकडे न्यायला घाबरतो आणि गाडी मधोमध ठेवतो. हेही चूकच. दोघांच्या या सवयी आपापल्या गावी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात. भेटतात त्या याच वळणावर.

असं एक भेटणं मी मागून, अगदी जवळून पाहिलंय. पुणे पासिंगची पांढरी कार आणि आमची रिक्षा, दोघांच्या नाकांत जेमतेम हाताचं अंतर. कारवाले गृहस्थ उतरून म्हणाले, "अहो, एवढ्या वेगात आत कसे घुसता तुम्ही?" रिक्षावाला सीटवरूनच, "तुम्ही हॉर्न दिलात नाय, म्हणून तर आत घेतली!" गृहस्थांना वाटलं हा उर्मटपणा करतोय. रिक्षावाल्याला वाटलं यांना गाडी येत नाही. दोघंही मनापासून बोलत होते. मागे चार गाड्या जमल्या तेव्हा दोघं चरफडत निघाले, आणि पुढच्या वळणाला रिक्षावाल्याने हॉर्न दिला की नाही, तर दिला. जरा जास्तच लांब.

चढणीचंही तसंच. अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम काही आमच्या ग्रामसभेने केलेला नाही, देशभरासाठी तोच आहे. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलताना मागे सरकतो, क्लच जळतो. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक दाबायचा असतो. सपाटीवर गाडी शिकलेल्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं. तो डिपर मारत खाली येतो, म्हणजे 'थांब, मी येतोय'. आणि खाली येईपर्यंत गियर वरचाच ठेवून सतत ब्रेकवर पाय. कुंभार्ली उतरून आलेल्या किती गाड्यांच्या चाकांपाशी तो जळका वास येतो, ते पायथ्याच्या चहावाल्याला विचारा. ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरायचं, एवढं पाळलं तरी ब्रेक गरम होऊन निकामी व्हायची वेळ सहसा येत नाही.

तुम्ही आकडे मागितलेत. घ्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. अपघात सर्वांत जास्त तामिळनाडूत, मृत्यू सर्वांत जास्त उत्तर प्रदेशात. केरळात ४३,९१० अपघात आणि ४,३१७ मृत्यू. बिहारमध्ये १०,८०१ अपघात आणि ८,८९८ मृत्यू. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. म्हणजे शंभर अपघातांमागे केरळात दहाजण जातात, बिहारमध्ये ऐंशीच्या वर. यावरून बिहारी माणूस मल्याळी माणसाच्या आठपट वाईट गाडी चालवतो, असं म्हणायचं का? केरळात किरकोळ धडकही पोलिसांत नोंदली जाते, दुसरीकडे माणूस गेला तरच कागद हलतो, हे त्यात दडलेलं आहे. दवाखाना किती लांब, हेही दडलेलं आहे. त्याच वर्षी हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं गेली, हा आकडा मात्र मी आमच्या वाडीतल्या पोरांना ऐकवतो. वळणावर हॉर्न न दिल्याचा रकाना कुठल्याच अहवालात नाही. सवयी बघायच्या तर रस्त्याकडेला उभं राहूनच बघाव्या लागतात.

रस्ता दोषी, हा तुमचा मुद्दा अर्धा माझाच आहे. पनवेल ते (रायगडातलं) इंदापूर हा टप्पा २०११ मध्ये रुंद करायला घेतला, पुढचं काय झालं ते दर गणपतीला माणगावात अडकलेल्यांना वेगळं सांगायला नको. जिथे चौपदरी झाला तिथे मधल्या डिव्हायडरला कट लांब, सेवा रस्ता नाही, आणि शेत पलीकडे. म्हातारा मोपेडवरून गवताचा भारा घेऊन दोन किलोमीटर पुढे जाऊन वळून येईल, ही अपेक्षा कागदावर ठीक. तो उलटाच येतो. तुमचे ते तिघंही कदाचित त्याच शाळेत शिकले असतील. पण सगळंच रस्त्यावर ढकलता येत नाही. मिझोरामचं ऐझॉल बघा : डोंगरावरचं शहर, रस्ते आमच्यासारखेच अरुंद आणि वळणांचे, तरी गाड्या एका रांगेत, दुचाक्या त्यांच्या रांगेत, आणि हॉर्न जवळपास नाहीच. तिथे रांग मोडणाऱ्याकडे बाकीचे ज्या नजरेने बघतात, ती नजर आपल्याकडे अजून कोणाची नाही. म्हणजे सवयीला जिल्हा असतो हे झालंच ना सिद्ध? तुमच्याच मुद्द्यावरून.

नंबरप्लेटबद्दल तुमची एक ओळ मला फार आवडली : पाटीवरून माणूस कळत नाही. अगदी बरोबर, आणि याबाबतीत मला सर्वांत जास्त धास्ती आमच्याच चाकरमान्यांची वाटते. एमएच ०४ ची गाडी, चालवणारा मूळचा खेडचा. लहानपणापासून कशेडी, भोस्ते, परशुराम सगळे घाट पाठ, पण एसटीच्या खिडकीतून. हात मात्र ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये तयार झालेले, जिथे पुढच्याच्या बंपरला चिकटून राहिलं नाही तर मध्ये दुसरा घुसतो. भरवसा गावचा, सवय शहराची. घाटात रांग लागली की हाच उजवीकडून तिसरी रांग काढतो, 'हा रस्ता आपल्याला माहितीये' म्हणत. समोरून येणाऱ्याला वाट उरत नाही आणि दोन्ही बाजू तासभर ठप्प. पुण्याहून आलेला माणूस निदान बिचकून तरी चालवतो.

पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची साथ मात्र सर्व जिल्ह्यांची. बोगद्यातही तेच. मग हा वळणार आहे, थांबणार आहे की नुसताच घाबरलाय, मागच्याने ओळखायचं कसं? त्यात ट्रकवाल्याच्या उजव्या इंडिकेटरचे आधीच दोन अर्थ : 'मी उजवीकडे वळतोय' आणि 'तू उजवीकडून जा'. यावर देशात एकमत होईपर्यंत मी ट्रकच्या मागेच राहतो.

दिवाळीत पुन्हा यायचं की नाही, असं तुम्ही जरा कुत्सितपणे विचारलंय. या की. उजाडता निघा, घाट उजेडात उतरेल असं बघा. वळणावर फोटोला थांबू नका, समुद्र पुढे भरपूर आहे. अरुंद रस्त्याला लागलात की एसी असला तरी तुमच्या बाजूची काच चार बोटं खाली ठेवा आणि गाणी बारीक करा, नाहीतर समोरच्याने दिलेला हॉर्न तुम्हाला ऐकूच येणार नाही. तुमचा हॉर्न द्यायला लाजू नका, इथे त्याचा कोणाला राग येत नाही. समोरून मासळीची गाडी नुकतीच गेली असेल तर पुढची दोन वळणं ब्रेक जपून. आणि रस्त्यात हँडलला हँडल लावून दोघं उभे दिसले तर काच पूर्ण खाली करून 'जरा वाट द्या हो' म्हणा. देतात. आधी विचारतील, कोणाकडे निघालात ते.