दिवाळी आली की ते चित्र फिरतंच, आणि नाव पुन्हा चुकतं

एक बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताच्या पंज्याने ज्योतीला आडोसा, चेहऱ्यावर तांबूस उजेड आणि मागच्या भिंतीवर सावली. बघताक्षणी ओळखाल. आमच्या आजोळी माजघरात याचं कॅलेंडर होतं. साल उलटलं तरी आजीने तारखांचा भाग कापून चित्र तेवढं ठेवलं होतं.

दरवर्षी धनत्रयोदशीपासून हे चित्र व्हॉट्सॲपवर यायला लागतं आणि खाली हमखास 'राजा रविवर्मा' असं लिहिलेलं असतं. मला याचा मनापासून त्रास होतो. हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. 'ग्लो ऑफ होप' हे त्याचं नाव. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेला, जे. जे. कलाशाळेत शिकलेला आणि 1908 साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढून पोरं घडवणारा हा आपला माणूस.

ज्यांना पुरावा हवा असेल त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगते. चित्रातली स्त्री म्हणजे हळदणकरांची लेक गीता. 2018 साली त्या कोल्हापुरात वारल्या, तेव्हा त्यांचं वय 102 होतं. रविवर्मा गेले 1906 साली. म्हणजे चित्रातल्या बाईचा जन्मच मुळी रविवर्म्यांच्या निधनानंतरचा!

घोटाळा का होतो तेही कळतं. रविवर्म्यांच्या छापखान्याने, आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला, देवादिकांची चित्रं घरोघरी पोचवली. तेव्हापासून भिंतीवरचं सुंदर चित्र म्हणजे रविवर्मा, असं आपल्या डोक्यात बसलंय. त्यात हे चित्र आहे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात, आणि तिथे रविवर्म्यांची अस्सल चित्रंही आहेत.

मी ते तिथे जाऊन पाहिलंय. अंधाऱ्या दालनात ठेवलंय. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकू मागे बल्ब लावलाय का म्हणून वाकून बघत होत्या. बल्बबिल्ब काही नाही. आणि हे तैलरंगात नाही, जलरंगात आहे! शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या कुणालाही याचा अर्थ कळेल. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, तो कागदाचा पांढरा राखून ठेवावा लागतो. ब्रश जरा जास्त ओला झाला की संपलं, खोडायची सोय नाही. तिची बोटं बघा. ज्योतीच्या बाजूने लालसर पारदर्शक, जणू उजेड कातडीतून आरपार येतोय. मी तिथे पाऊण तास उभी होते आणि नजर पुन्हा पुन्हा त्या बोटांवरच जात होती.

रविवर्मा थोरच, त्यांचं नाव यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण हळदणकरांचं होतं. आयुष्यभर जलरंगावर हुकूमत कमावलेल्या माणसाचं सगळ्यांत लाडकं चित्र घराघरात आहे आणि त्यांचं नाव त्यांच्याच महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही, हे बरोबर नाही.

गेल्या महिन्यात याची एक प्रिंट फ्रेम करायला दिली होती. आणायला गेले तर दुकानदाराने स्वतःहून खाली रविवर्म्यांच्या नावाची पट्टी चिकटवलेली. मी काढायला लावली. त्यांनी वाद घातला नाही, कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "ताई, नाव नीट लिहून द्या, दुकानात याच्या अजून चार आहेत."

तुमच्या घरी हे चित्र असेल तर त्याखाली कुणाचं नाव छापलंय, ते बघून कॉमेंटमध्ये सांगा. फोटो टाकलात तर फारच छान.